विचारा की! : फसफसलेलं कोकम, फुटलेली सोलकढी आणि कडू मिल्कशेक

एप्रिल-मे आला की या सदराकडे येणारी पत्रं आणि मेल सगळी आंबट होतात. म्हणजे कैरी, कोकम, जांभूळ, काजूचे बोंडू, यापलीकडे कुणाला काही सुचतच नाही, आणि निम्म्याहून जास्त प्रश्न "रीलमध्ये दाखवलं तसंच केलं तरी बिघडलं" असे असतात. बिघडणारच ना, कारण रीलवाल्या बाईच्या कैरीचा आंबटपणा आणि तुमच्या कैरीचा आंबटपणा एक नसतो, आणि फळ काही कारखान्यातून साच्यात घालून येत नाही. जिभेवर ठेवून बघा आणि मग साखरेच्या डब्याला हात घाला, एवढंच आधी सांगते आणि प्रश्नांकडे वळते.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी गावाहून रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, आणले आणि घरीच अमृत कोकम केलं. घरात सगळ्यांना कमी गोड लागतं म्हणून साखर निम्मीच घातली. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण टुप्पकन उडालं, आत फेस आणि वास थोडा दारूसारखा. वरचा फेस काढून उकळून वापरलं तर चालेल का? आणि यंदा काय काळजी घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही चालणार, ओतून टाका. आणि प्लॅस्टिकची बाटली होती म्हणून झाकणावर निभावलं, काचेची घट्ट बंद बाटली असती तर फुटून कपाटभर काचा झाल्या असत्या. झालंय काय, तर साखर कमी पडली म्हणून रसातलं यीस्ट कामाला लागलं, साखर खाऊन गॅस आणि अल्कोहोल करायला लागलं. आपल्याला वाटतं साखर फक्त गोडीसाठी असते, पण अमृत कोकमात ती टिकवण्याचं काम करते, साखर दाट असली की जंतूंना वापरायला पाणीच मिळत नाही. म्हणून कमी गोड हवं असेल तर ग्लासात सिरप कमी घाला, बरणीत साखर कमी घालू नका, हा सगळा घोटाळा तिथेच होतो.

आता यंदाचं. रातांबे पूर्ण लाल-जांभळे पिकलेले घ्या, हिरवट चट्टा असलेले बाजूला काढा. धुवायचे आणि मग अगदी कोरडे होईपर्यंत फडक्यावर पसरून ठेवायचे, पुसून घेतलं तरी देठाच्या खाचेत पाणी राहतं, तिथूनच बुरशी येते. मग आडवे अर्धे कापून बिया आणि त्याभोवतीचा पांढरा गर काढायचा. बिया फेकू नका हो, कोकणात त्याच वाळवून त्यांचं कोकम तेल म्हणजे मुठेल काढतात, थंडीत फुटलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सालीच्या त्या वाट्यांमध्ये साखर दाबून भरायची आणि बरणीत एकावर एक रचायच्या, मध्येमध्ये साखरेचा थर आणि सगळ्यात वर पुन्हा साखरेचं जाड पांघरूण, सालींच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट साखर लागते, ऐकून धसका बसतो पण तेवढीच लागते. तोंडाला दादरा म्हणजे सुती फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघाल तर अर्ध्या बरणीत लालभडक रस सुटलेला असेल, पाण्याचा थेंबही न घालता. रोज कोरड्या चमच्याने खालवर करायचं, साखर पूर्ण विरघळली की गाळायचं, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ हवं तर आत्ता घाला, नाहीतर सरबत करताना घाला, मला दुसरं बरं वाटतं कारण जिरं बाटलीच्या तळाशी बसून काळं दिसतं. बाटली अंधारात ठेवा, कोकमाचा लाल रंग उजेडात आणि उष्णतेत उतरतो. उरलेल्या साली लहान मुलं चघळून संपवतात, नाहीच संपल्या तर बारीक चिरून तिखट-मीठ लावून ताटात वाढा.

घरच्या परसात झाड लावायचा विचार असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती आहेत, त्यांची कलमं मिळतात. बी लावून रोप केलंत तर ते नर निघण्याची शक्यता असते आणि मग कित्येक वर्षं पाणी घालून शेवटी नुसती सावली मिळते.

प्रश्न : काकू, मी मूळचा लातूरचा, पुण्यात नोकरीला आहे. मालवणी हॉटेलात सोलकढी प्यायलो आणि वेडा झालो. रूमवर करायला गेलो तर एकदा फाटलेल्या दुधासारखी झाली आणि एकदा फ्रिजमध्ये ठेवली तर वर पांढरा जाड थर आला. रंगही हॉटेलसारखा गुलाबी येत नाही, मळकट येतो. प्लीज नीट सांगा.

उत्तर : अरे, तुझ्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. फाटली ती बहुतेक तू गॅसवर ठेवलीस म्हणून. नारळाचं दूध आणि आंबट एकत्र आलं आणि त्याला उकळी दिली की ते फुटतंच, सोलकढी गॅसवर चढतच नाही, हे डोक्यात पक्कं ठेव. फ्रिजमध्ये आलेला थर मात्र बिघाड नाही, खोबरेल तेल थंडीत गोठतं तेच इथे झालं, बाहेर काढून अर्धा तास ठेव आणि ढवळ, परत एक होईल. तरी सोलकढी ठेवायची चीज नाही, नारळाचं दूध काही तासांत उतरायला लागतं, सकाळी केलेली दुपारी संपवायची.

आता कर कशी. एक नारळ खवून किंवा तुकडे करून मिक्सरला कोमट पाण्याबरोबर फिरव, त्यातच एक हिरवी मिरची, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या आणि चिमूटभर जिरं टाक. उकळतं पाणी नको आणि फ्रिजचंही नको, कोमटच, म्हणजे दूध छान सुटतं. पातळ सुती फडक्यातून घट्ट पिळ, चाळणीतून गाळलंस तर चोथा घशाशी येतो आणि मग मित्र नावं ठेवतात. तोच चोथा थोड्या पाण्याबरोबर पुन्हा फिरवून दुसरं दूध काढ आणि पहिल्यात मिसळ. आता आगळ. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस, साखर नसलेला, दुकानात "कोकम सिरप" मागितलंस तर तो तुला अमृत कोकम देईल आणि तुझी सोलकढी गोड होईल. आगळ एकदम ओतू नकोस, एकेक चमचा घालत ढवळत राहा, रंग फिका गुलाबी झाला की चाख. मीठ सगळ्यात शेवटी, आगळात आधीच भरपूर असतं, आणि बहुतेक वेळा वरून घालावंच लागत नाही. आगळ मिळालं नाही तर सात-आठ आमसुलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून तेच पाणी गाळून घे.

मळकट रंगाचं म्हणशील तर आमसुलं जुनी असणार. ताजं आमसूल वाकवलं तर वाकतं, आतून लालसर ओलं असतं, जुनं झालं की काळं कडक होतं आणि त्याचा रंग तपकिरी उतरतो. आंबट कमी पडलं तरीही कढी गुलाबीऐवजी करडी-जांभळी दिसते, एक चमचा आगळ वाढवून बघ, डोळ्यासमोर रंग पलटेल. आणि हॉटेलातल्या भडक गुलाबीवर फार जाऊ नकोस, त्यात कधीकधी बिटाचा हात असतो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. इथल्या इंडियन शॉपमधून आमसुलं म्हणून पाकीट आणलं, पण ते काळंकुट्ट, लांबट कडक तुकडे आहेत आणि धुरकट वास येतो. सोलकढीला तो वास लागला, फेकून दिली. हे कोकमच आहे का?

उत्तर : धुरकट वास म्हटलात म्हणजे तुम्हाला बहुधा केरळची कुडमपुळी मिळाली. ती कोकमाची चुलत बहीण आहे, पण वेगळं फळ, आणि ती धुरावर वाळवतात. माशाच्या लाल रश्श्यात ती फार सुंदर लागते, मातीच्या भांड्यात रस्सा करा आणि त्यात दोन तुकडे टाका, पाकीट वाया जायचं नाही. सोलकढीत मात्र नको. आमसूल घेताना पाकीट दाबून बघा, मऊ आणि चिकट लागायला हवं, आतल्या बाजूला मिठाचे पांढरे कण दिसले तर घाबरू नका, ती बुरशी नव्हे. भारतातून कुणी येणार असेल तर आगळापेक्षा आमसुलंच मागवा, बाटली बॅगेत फुटली तर सगळे कपडे लाल. नारळाच्या दुधाचा डबा चालतो, फक्त त्यात पाणी घालून सारखं करा, तो आपल्या पहिल्या दुधापेक्षा दाट असतो. आणि तुमच्याकडे कैरी महाग पडत असेल तर पन्ह्याला तिथलं आंबट हिरवं सफरचंद वापरून बघा, कैरीचा वास येणार नाही, पण तहान भागते.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला ताज्या अननसाचा मिल्कशेक केला, दहा मिनिटांत कडू झाला. दूध ताजं होतं. त्याच दिवशी अननसाची जेलीही सेट झाली नाही. अननस खराब होता का? – कराड

उत्तर : अननस उत्तम होता, एकदम ताजा होता, तीच तर अडचण. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रोटीन तोडतं. दुधातलं प्रोटीन तुटलं की कडवट चव येते, आणि जिलेटिन हेही प्रोटीनच, ते तुटलं की जेली पाण्यासारखी राहते. पपईत आणि किवीतही असंच एन्झाइम असतं, म्हणून मटण लुसलुशीत व्हायला आपण कच्ची पपई लावतो ना, तोच प्रकार. उपाय सोपा आहे, अननसाचे तुकडे थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं चांगले उकळून पूर्ण गार करून मग दुधात घाला, उष्णतेने एन्झाइम मरतं. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो म्हणून त्याला काही होत नाही. जेलीसाठी चायना ग्रास वापरलात तर ताजा अननसही चालतो कारण चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्यात तोडायला प्रोटीन नाही. चिकूचा शेक तुरट झाला तर तो अर्धकच्चा चिकू, त्याला शिजवून उपयोग नाही, पिकू द्या.

प्रश्न : पन्हं उकडलेल्या कैरीचं चांगलं की किसलेल्या? साखर की गूळ? सासूबाई आणि माझी आई यांचं एकमत होत नाही. – एक वैतागलेली वाचक, सांगली

उत्तर : त्यांचं एकमत व्हायची वाट बघत बसलात तर कैऱ्या पिकून आंबे होतील. किसलेल्या कैरीचं पन्हं ताजं, झणझणीत आणि हिरवट वासाचं होतं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर मला ते आवडतं, पण त्याच दिवशी संपवावं लागतं. उकडलेल्याचं दाट, शांत लागतं आणि टिकतं. कुकरला सालासकट दोन शिट्ट्या, गार झाल्यावर गर काढायचा, सालीला चिकटलेला पण सुरीने खरवडून घ्यायचा, खरी चव तिथे असते. गराइतका गूळ घालून चाखा आणि मग वाढवा. तोतापुरीला तेवढा पुरेसा होईल, रायवळ असेल तर दीडपटही लागेल, म्हणून कपाचं माप मी सांगत नाही. गूळ विरघळेपर्यंत गर मंद आचेवर आटवला तर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे सहज राहतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर उन्हाळाभर. आणि गूळच. साखरेच्या पन्ह्याला रंग छान येतो हे कबूल, पण गुळाची खारट-गोड खोली येत नाही. मीठ विसरू नका, वेलची जपून, केशर असेल तर.

प्रश्न : आमची सावंतवाडीजवळ काजूची बाग आहे. बिया विकतो, बोंडू सगळे सडून जातात. घरच्या घरी काही करता येईल का? रस काढून बघितला, घसा खवखवला. – एक बागायतदार

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण काजूची बी सगळ्यांना दिसते आणि एवढं रसाळ फळ झाडाखाली माश्या खातात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला, शेजारी गोव्यात त्याच बोंडूच्या रसाची फेणी झाली, २००९ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण अजून "बोंडूचं काय करायचं" इथेच आहोत. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आहे त्यात.

घसा धरतो तो टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे. त्याचा जुना उपाय म्हणजे पेज. पूर्ण पिकलेले, न ठेचलेले बोंडू सकाळी गोळा करा, बी पिळून वेगळी करताना तिच्या टरफलाचं तेल फळाला लागू देऊ नका, कातडी भाजते त्याने. धुऊन फडक्यातून पिळा. मग तांदळाची अगदी पातळ, गार केलेली पेज किंवा शिजवून पातळ केलेला साबुदाणा थोडासा त्यात ढवळा आणि भांडं न हलवता दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. बघता बघता ढगळ साका तळाशी बसतो आणि वर पिवळसर स्वच्छ रस राहतो, तुरटपणा त्या साक्याबरोबर खाली गेलेला असतो. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, तळाला हात लावायचा नाही. त्यात लिंबू, साखर, मीठ, चिमूटभर मिरपूड, आणि लगेच प्या, कारण हा रस बाहेर राहिला तर संध्याकाळपर्यंत आंबायला लागतो. नुसते खायचे असतील तर चकत्या करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. जास्त माल असेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन या, 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती तिथल्याच. आणि हो, पांढरा सदरा घालून बोंडू पिळायला बसू नका, डाग निघत नाही.

प्रश्न : मला डायबेटिस आहे. जांभळाचं सरबत औषधी असतं म्हणून मुलाने सिरपच्या बाटल्या आणल्यात. रोज एक ग्लास घेऊ का? आणि जांभळाच्या बियांची पावडर घेऊ का? – एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : काका, बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं मुलाला वाचायला लावा, पहिलं नाव बहुतेक साखरेचं असेल. जांभूळ बाजूला राहिलं आणि साखरेचा पाक पोटात गेला तर त्यात औषध काय राहिलं? सीझनमध्ये मूठभर जांभळं मीठ लावून खा, डॉक्टरांना विचारून. सरबतच हवं असेल तर पिकलेली जांभळं मिठाच्या पाण्यात हाताने कुस्करून, बिया काढून, गाळून, सैंधव आणि जिरेपूड घालून बिनसाखरेचं घ्या, तुरट लागेल पण वाईट लागत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यायला सांगा सूनबाईंना, लोखंडाचा चाकू किंवा कढई लागली तर रस काळा पडतो, आवळ्याचंही तसंच. बियांच्या पावडरीबद्दल विचारलंय तेही डॉक्टरांकडेच न्या, गोळ्या चालू असताना मी त्यात तोंड घालणार नाही.

प्रश्न : घरच्या सरबतात प्रिझर्वेटिव्ह घालायचं तर कुठलं?

उत्तर : लिंबू, कैरी, आंबा अशा फिक्या रंगाला केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्याला सोडियम बेन्झोएट, कारण केएमएस रंग उडवतं. बेन्झोएट किलोमागे ०.७ ग्रॅमच्या वर नको, चमच्याच्या अंदाजाने नाही, वजनकाट्यावर. घरात कुणाला दमा असेल तर केएमएस टाळा. आणि साखर पुरेशी असलेल्या अमृत कोकमाला यातलं काहीच लागत नाही.

प्रश्न : सब्जाच्या ऐवजी चिया चालेल का? दोन्ही फुगतात.

उत्तर : फुगतात, पण एक नाहीत. सब्जा दहा-पंधरा मिनिटांत फुगतो, चियाला वेळ लागतो. सरबतात सब्जाच बरा, स्वस्त पण पडतो. कोरडा तोंडात टाकू नका, लहान मुलांना तर अजिबात नाही, पूर्ण फुगवूनच.

प्रश्न : आमच्याकडे बरका फणस खूप आलाय, गरे कुणी खात नाही. सांदणं, म्हणजे फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या इडल्या, करायची आहेत पण दरवेळी दडदडीत होतात. – मुंबई, मूळ गाव राजापूर

उत्तर : राजापूरची माणसं बरका खात नाहीत, कसं व्हायचं! असो. सांदणाला मऊ, रसाळ गऱ्यांचा बरकाच हवा, घट्ट गऱ्यांचा कापा नव्हे. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून फोडा, गरे बांबूच्या चाळणीवर किंवा मोठ्या छिद्राच्या रोवळीत घासून रस काढा, मिक्सर लावलात तर तंतू चिरडून रस चिकट होतो आणि दडदडीतपणाची सुरुवात तिथून होते. दुसरं कारण तांदळाचं पीठ. पीठ नको, कणी हवी, धुऊन वाळवून जाडसर काढलेली, आणि कढईत नुसती गरम होईपर्यंत भाजलेली. दोन वाट्या रसाला साधारण एक वाटी कणी, रस पातळ असेल तर मूठभर जास्त, चवीपुरता गूळ, मीठ, आणि थोडं नारळाचं दूध. हे अर्धा-पाऊण तास भिजू द्यायचं, कणी रस पिते, मग मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा थोडं सैल हवं. घट्ट वाटलं तर नारळाचं दूधच घाला, पाणी नको. फुलवायला सोडा घालायचा मोह आवरा, रंग मळतो. वाट्यांना तूप लावून किंवा खाली हळदीचं पान घालून वीस मिनिटं वाफवा, आणि लगेच काढू नका, कोमट झाल्यावर काढली की अख्खी सुटतात. बरोबर वेलची घातलेलं गुळाचं नारळाचं दूध, नाहीतर नुसतं तूप. आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया उकडून ठेवा, पावसाळ्यात भाजीत घालता येतील.